एक्कावन्न टक्के

३ मार्च
आज कंपनी स्थापन झाली. दवाखान्यात आपला नंबर किती वाजता लागेल ते सांगणारं ॲप. कल्पना माझी, दाताच्या डॉक्टरकडे तीन तास ताटकळताना सुचलेली. ॲप बनवणार मेव्हणी, कारण इंजिनिअर ती आहे. वाटे: मी एक्कावन्न, ती एकोणपन्नास. त्या दोन टक्क्यांसाठी मी अर्धा दिवस घासाघीस केली. शेवटी ती कंटाळून हो म्हणाली. वाटाघाटींत माझा हातखंडा आहे.

१९ मार्च
ॲप दोन दवाखान्यांत सुरू. चकरा मेव्हणी मारते, धोरण मी बघतो. आजचं धोरण: ऑफिसची खुर्ची. फिरणारी घ्यावी की साधी? संध्याकाळपर्यंत ठरलं नाही. दमलो.

२ एप्रिल
पैसे गुंतवणाऱ्या एक बाई भेटायला तयार झाल्या. कंपनीतला वीस टक्के वाटा मागतात. दहाच्या वर काही सोडायचं नाही. एका व्हिडिओत पाहिलं, वाटाघाटीत जो आधी तोंड उघडतो तो हरतो. आजपासून गप्प बसण्याचा सराव. बायकोने तीनदा विचारलं, आज भांडी कोण घासणार. मी गप्प. ती म्हणाली, तुला याचा सराव कशाला हवा.

६ एप्रिल, दुपारी ३
मीटिंग झाली. चौथा मजला, काचेची खोली, एसी असा की दात वाजत होते. बाईंनी विचारलं, ॲप बंद पडलं तर कोण बघतं? मेव्हणी म्हणाली, मी. दवाखान्यांशी कोण बोलतं? मीच. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही काय करता? डाव माझ्या लक्षात आला. नुसता हसलो. मेव्हणी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी तीच म्हणाली, कल्पना यांची आहे.

बाई पुरत्या गारद. नंतर माझ्याकडे बघायची त्यांची हिंमतच झाली नाही.

१० एप्रिल
बाई विसावरून पंधरावर आल्या. मेव्हणीला म्हणालो, शिकून घे. ती म्हणाली, भाऊजी, आधी कराराचा सगळा कागद वाचा. म्हटलं, बारीकसारीक तू बघ.

१५ एप्रिल
कागद वाचला. बाई पंधरा, मेव्हणी एकोणऐंशी, मी सहा. टायपिंगची चूक समजून मेव्हणीला घरी बोलावलं. चूक नव्हती. मी कंपनीत राहिलो तर बाई पैसे घालणार नव्हत्या. पैसे आले नाहीत तर मेव्हणी पुढच्या महिन्यात नोकरी धरणार आणि दोन्ही दवाखान्यांतलं ॲप बंद. माझ्यासाठी ती बाईंशी दोन दिवस भांडली. मला सहा टक्के मिळावेत म्हणून तिने स्वतःचा पगार निम्मा करून घेतला.

हे ती मान खाली घालून सांगत होती. मला लाज वाटली. खरंच वाटली. तिचे आभार मानावेत म्हणून तोंड उघडलं आणि सवयीने म्हणालो, आठ कर.

बायको उठून आत गेली. मेव्हणीने पेन पुढे केलं. मी सहावर सही केली.