खालीही तेच

२ नोव्हेंबर
साहेबांनी पूरपट्ट्यातल्या मातीचं वर्गीकरण माझ्याकडे दिलं. कुठल्या शेतात कुठलं पीक, हे आता मी ठरवणार! नियम असा की प्रत्येक शेतात दीड मीटर खड्डा घ्यायचा. मी दोन मीटर घेणार. आणि रोज पहाटे उठणार.

५ नोव्हेंबर, सकाळी ११
उशीर झाला. नदीकाठचं पहिलं शेत, आमच्या चुलतभावाचं. वीतभर खणलं आणि कंबर धरली. पण काय माती! काळीभोर, लोण्यासारखी. (गॉगल नंतर काढला, तरी बऱ्यापैकी काळी.) फॉर्मवर खालच्या थरांपुढे लिहिलं, 'खालीही तेच.' प्रथम वर्ग.

६ नोव्हेंबर
ताईला फोन. आधी कंबरदुखीचं सांगितलं. भावोजी गेल्यापासून तिचं घर वरच्या शेतावर चालतं. म्हटलं, चुलतभावाशी अदलाबदल कर, सोनं होईल. तिने विचारलं, अरे, खोल खणून बघितलंस ना? डोकंच फिरलं. सख्ख्या भावाला हे विचारायचं? बघितलं म्हणालो.

१५ नोव्हेंबर
कागद झाले. चुलतभावाने झटकन सही केली, वर मला चहा पाजला. बिचारा! मातीतलं ओ की ठो कळत नाही त्याला.

१० डिसेंबर
ताईचा मका गुडघ्याला लागला. बायकोला म्हटलं, बघ! ती म्हणाली, कणसं तर येऊ देत. हिला माझं कौतुक म्हणून नाही.

४ जानेवारी
मका पिवळा पडतोय. ताई म्हणते, कितीही पाणी सोडलं तरी जातं कुठे कळत नाही. म्हटलं, अजून सोड.

२० जानेवारी
मका करपला. ताईने स्वतःच खड्डा घेतला. वर वीतभर गाळ, यंदाच्या पुराने टाकलेला. खाली नुसती वाळू. रडत म्हणाली, तुझा फॉर्म दुरुस्त कर, म्हणजे अदलाबदल मोडता येईल. आता कसं सांगू हिला? माझी बढती तोंडावर आलीय. शिवाय मी वर्ग वरच्या थराला दिला होता आणि तो थर अजूनही उत्तमच आहे. चुलतभाऊ फोन उचलत नाही. माणुसकीच राहिली नाही लोकांत.

१० मार्च
बढती! आता खणायला मजूर मिळतो. ताईलाच लावून घेतलं. बहिणीला भावाने नाही सांभाळायचं तर कुणी? तिने लगेच कुदळ उचलली. भरून आलं असणार.

१४ मार्च
ताई दीड मीटरला थांबतच नाही. बस म्हटलं तरी वर बघत नाही. साहेब खूश झाले तिच्यावर. म्हणाले, तुम्ही आधी तपासलेली शेतंही हिच्याकडून पुन्हा खणून घ्या, मी स्वतः बघायला येतो. उद्या नदीकाठचं.
ताईला म्हटलं, दमली असशील गं, उद्या सुट्टी घे.
म्हणाली, नको रे. माझी कंबर दुखत नाही.