आप्पांची मुलाखत

३ मार्च

ती. ताईस,
सा. न., आणि तुझ्या आळशी मांजराचीही चौकशी.

सुखरूप पोचलो. फोनवर आप्पांचा विषय निघाला की आपण दोघंही गप्प होतो, म्हणून लिहितोय. माझं अक्षर लावताना डोळे गेले तर चष्मा मी आणून देईन.

माझा भागीदार ढब्बू विचारतोय, मुलाखतीच्या सरावाचा आमचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम पुढे न्यायचा की नाही. तो चांगलाच आहे गं. आप्पा गेल्यापासून त्याने एका शब्दाने घाई केली नव्हती. पण माझा हातच चालत नाही.

तुला ठाऊक आहे, मी तो आप्पांसाठी केला होता, बाकीचे लोक नंतर वापरायला लागले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि कंपनी बंद पडल्यावर साठीच्या तोंडावर मुलाखती द्यायची वेळ आली. आप्पा विचार करत, थांबत थांबत बोलायचे. प्रोग्रॅम प्रश्न विचारून, उत्तर ऐकून मार्क द्यायचा आणि थांबण्याचे मार्क कापायचा. ते मीच ठरवलेलं. बिचारे घोकत बसले आणि शेवटी न अडखळता बोलायला लागले. मी खूश. मग खऱ्या मुलाखतीत समोरचे गृहस्थ म्हणाले की पाठ केलेलं राहू द्या, काय काम केलंत ते तुमच्या शब्दांत सांगा. आप्पांना काहीच सुचलं नाही. घरी येऊन मला फोनवर म्हणाले, मला माझंच बोलणं आठवेना रे. त्यानंतर कुठे गेले नाहीत. आणि थंडीत आपल्यातूनच गेले.

त्यांची वाचा मी काढून घेतली, असं वाटत राहतं. सगळं पुसून टाकावं म्हणतो. तू काय म्हणतेस?

आईला जप. माझ्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकल्या

११ मार्च

चि. धाकल्यास,
अ. आ., आणि पाठीत एक धपाटा.

आप्पांचं हृदय किती वर्षं कुरकुरत होतं, ते डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. ते ओझं उगाच डोक्यावर घेऊ नकोस. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता, हे मात्र खरं. मी घरीच होते. बूट न काढताच त्यांनी तुला फोन लावला.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. मलाही आईने परवा कपाट आवरताना सांगितली. त्यानंतरही आप्पा दुपारी मागच्या खोलीत तुझा प्रोग्रॅम लावून बसायचे. नोकरीसाठी नाही. कामातला एखादा कठीण प्रसंग सांगा, असा त्यात प्रश्न आहे ना, तेवढाच लावायचे. आईला वाटायचं, फोनवर कुणाशी तरी बोलतायत. एकदा भाजी चिरता चिरता ती उठून दाराशी गेली. आप्पा सांगत होते की दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि आत दिवस भरत आलेली एक बाई एकटीच होती. त्यांच्या जोडीचा कारागीर लिफ्ट हलवेपर्यंत आप्पा वरच्या मजल्यावर पालथे पडून फटीतून तिच्याशी बोलत राहिले. बाळासाठी नावं सुचवत होते, आणि तिला एकही पसंत पडेना.

आई म्हणाली, एवढ्या संसारात हे मला तेव्हा कळलं. थांबत थांबत सांगितल्याने मार्क कमीच पडले. आप्पा हसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

आपल्यापैकी कुणी त्यांना असं काही विचारल्याचं मला आठवत नाही.

चालू ठेव की बंद कर, तुझं तू बघ. रागाच्या भरात मात्र नको. आई विचारते, आप्पांचं ते बोलणं त्यात अजून असेल का? तिला ऐकायचंय.

वेळेवर जेव. कळवत राहा.

तुझी,
ताई

२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. हे आधी तू एकटी वाच.

काही राहिलेलं नाही गं. मार्क दिले की उत्तर पुसायचं, असंच आम्ही ठेवलं होतं. लोकांचं खाजगी बोलणं आपल्याकडे साठू नये म्हणून. तरी मी शोधलं. ढब्बूही बसला शोधायला. आईला कसं सांगायचं, ते तुला माझ्यापेक्षा बरं जमेल.

तुझं पत्र आल्यावर मी मार्क काढूनच टाकले. नुसते प्रश्न ठेवले. हवं तेवढं बोला. वाटलं, आप्पांसारखं आणखी कुणी असेल. लोक यायचे, एक उत्तर द्यायचे, मार्क शोधायचे आणि निघून जायचे. एका मुलीने लिहिलं, बरं की वाईट ते सांगायचं नसेल तर विचारता कशाला? तिचं चुकलं नाही. तिला नोकरी हवी आहे. लोकांना मार्क हवेत आणि माझ्याच्याने ते आता देववत नाहीत. ढब्बूला म्हटलं, तू एकटा चालव. तो म्हणाला, तुझ्याशिवाय नको.

काल बंद केलं. आमच्या कामाच्या खोलीची किल्ली मालकाला परत दिली, दोघांनी चहा घेतला. तो वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

पुढच्या सोमवारी माझीच मुलाखत आहे, एका विमा कंपनीत. इतकी वर्षं काय केलंत, असं विचारतील. काय सांगायचं ते माझं ठरत नाही.

त्या दिवशी सकाळी, मी निघायच्या आधी, फोन लाव आणि आईकडे दे. सराव म्हणून काहीही विचारू दे तिला.

तुझा,
धाकल्या