पाय टेकायच्या आत

सोम., १२ जाने.
सलून बंद, म्हणून बाबांना डॉ.कडे नेलं. घोट्याची जखम दिवाळीपासून भरत नाहीये. पायाच्या शिरांत बारीक झडपा असतात. पोटरी दाबली की रक्त वर हृदयाकडे चढतं आणि मागे झडप मिटते. बाबांच्या मिटत नाहीत. त्यात दिवसभर खुर्चीमागे उभं.
सोनोग्राफी बघून डॉ. म्हणाले, घट्ट पट्टी बांधा. सकाळी, पाय जमिनीला टेकायच्या आत. रक्त खाली उतरलं की उपयोग नाही.
मी म्हटलं, मी बांधतो.
बाबा : "हा? ह्याची सकाळ अकराला होते, डॉक्टर."

मंगळ., १३
गजर बंद करून झोपलो. बाबा कधीच गेलेले. धायरीला दुकानात जाऊन बांधली, गुडघ्याकडून खाली. खुर्चीतलं गिऱ्हाईक : "काय रे, बाबांना बॅटिंगला पाठवतोस?"
संध्याकाळी पाऊल टम्म. सगळं उलटं! बोटांपासून वर यायचं, घोट्याला जास्त घट्ट, वर सैल. मी वरूनच दार लावलं होतं.

गुरु., १५
काल-आज वेळेवर उठलो. मोबाइलवर एक प्रयोग सापडला. हातावरची शीर एका बोटाने दाबायची, दुसऱ्याने कोपराकडे पुसत न्यायची. वरचं बोट उचललं तरी रक्त मागे येत नाही. एका ठिपक्याशी अडतं. तिथे झडप! तेवढ्यात दूध उतू.
मग बाबांच्या पोटरीवर करून पाहिलं. शीर वरून सरळ भरली.
बाबा : "झाली कालव्याची पाहणी? खडकवासल्याच्या धरणावर नोकरी बघ."

शनि., १७
सूरजचा फोन. बाईकवर गोकर्ण, शुक्रवारी निघायचं. माझी बॅग कॉटखाली तयारच असते. 'बघतो' म्हटलं.
बाबांनी ऐकलं. "जा की. तू नसताना पाय होतेच मला."

रवि., १८
दुकानात गर्दी. म्हटलं, बाबा, एका जागी उभं राहू नका, टाचा वर-खाली करा. केल्या. "काका, नाचता काय?" कुणीतरी. बाबा थांबले नाहीत.

बुध., २१
झोप लागली. उठलो तर खोलीत ऊन. संपलं, बाबा दुकानात गेले असणार.
गेले नव्हते. कॉटवर, गोधडीच्या वळकटीवर पाय ठेवून, हातात दुकानाच्या किल्ल्या.
"या. गिऱ्हाईक शटरपाशी उभं असेल."
एवढंच.
जखमेची कड गुलाबी वाटली. की भास. सूरजला तिथेच बसून 'नाही' टाकलं.
बोटांपासून सुरुवात केली.