बादलीतली बेलेची भाजी

लाइसानीताई,

गॅलरीतल्या बादलीतली तुझी बेलेची पालेभाजी मीच छाटली. दारावरून जाणाऱ्याला "या जेवायला" म्हणायची आपली रीत. आज पाद्रीबाई खरंच आल्या! घरात नुसते उकडलेले कसाव्याचे कंद. मग भाजी नारळाच्या दुधात शिजवली. बाई बोटं चाटत म्हणाल्या, "कुणी लावली गं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मी."

"सुव्हासारख्या शहरातल्या खोलीत, बादलीत काय कप्पाळ उगवणार?" म्हणून तुला हिणवणारी मीच! आता चर्चमधल्या बायकांना बादलीत भाजी लावायचं शिकवायला बाईंनी मला बोलावलंय. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. बाईंना खरं सांगायलाच निघालेय.

उरलेले दांडे पुन्हा फुटतील म्हणून बादलीत खोचून पाणी घातलंय. तेवढंच काय ते माझ्या हातचं.

सेनिमिली