अप्पांचं मनगट

३ डिसेंबर १९७८, रवि.
बोटीवरचा रेझर संपला. माझा मेव्हणा, सुमनचा भाऊ, बोटीवर नोकरीला. तिकडच्या कुठल्याशा बंदरात घेतलेला हा रेझर त्यानं दिवाळीत माझ्या वडिलांना, अप्पांना दिला होता. डोकं दांड्यावर डोलतं, गालाच्या वळणाप्रमाणे आपोआप फिरतं. बोथट झालं की काढायचं, दुसरं चढवायचं. आता दुसरंही बोथट. नवी पेठेत चार दुकानं फिरलो. विमानाचा पार्ट मागितल्यासारखं बघतात लोक. काचेच्या पेल्यात घासून धार लावावी, तर दोन्ही पाती प्लॅस्टिकमध्ये कायमची बसवलेली.

अंगावरून वारं गेलं तेव्हापासून अप्पांच्या उजव्या हाताची मूठ आवळते, पण मनगट वळत नाही. साध्या रेझरनं गालावरून हनुवटीवर उतरताच येत नाही. या डोक्यानं मनगटाचं काम केलं. महिनाभर स्वतःची दाढी स्वतः केली, आंघोळ झाली की कट्ट्यावर पेपर, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी. आज कट्टा रिकामा.

४, सोम.
सोमवारी गालाला पातं लावायचं नाही, हा अप्पांचा जुना नियम. तेवढीच सवड.

सुमन म्हणाली, "संभाला घरी बोलवा की. त्याच्याकडूनच तर केस कापून घेतात."

अप्पा आतून, "केस येगळे. गाल माझा हाय. दुसऱ्याच्या हातात देनार न्हाय."

दवाखान्यात संभानंच दाढी केली होती. अप्पांनी तेव्हा गच्च डोळे मिटून घेतले होते. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

लूमचे सुटे भाग करून पोट भरतो मी. एवढं एक डोकं होणार नाही? शेठना विचारलं. "कामानंतर लेथ तुमचाच," म्हणाले.

७, गुरु.
१ नं. डोकं तयार. पितळेचं. आपलं साधं ब्लेड मधून मोडायचं, अर्धं आत सरकवायचं. मागच्या बाजूला खीळ, तिच्यावर डोकं झुलतं. परत सरळ यायला लूमच्या धोट्यातली स्प्रिंग. धुवायला डोकं काढता येतं. सकाळी स्वतःवर चालवलं. झकास. सुमनला गाल दाखवला तर म्हणते, "कामावर चाललात की मुलगी बघायला?"

८, शुक्र.
अप्पांना कापलं. डाव्या गालावर, चांगलं लांब. टॉवेल दाबून बाहेर आले. "काय न्हाय, जरा घाई केली मी."

अप्पांनी जन्मात कधी घाई केलेली नाही.

मग माझ्याकडे न बघता सुमनला म्हणाले, "संभाला सांगून ठेव." मला वाईट वाटू नये म्हणून. मला फार वाईट वाटलं.

१०, रवि.
माझ्यावर चाललं ते अप्पांवर का नाही, याचं उत्तर मिळालं आणि स्वतःचीच लाज वाटली. माझं मनगट धडधाकट. डोकं चुकायला लागलं की मनगट गुपचूप सावरून घेतं, मला पत्ताही लागत नाही. मी डोकं तपासलंच नव्हतं. माझं मनगट तपासत होतो.

आज मनगटाला लाकडी पट्टी बांधली आणि दाढी केली. ओढलं की डोक्याची पुढची कड खाली पडते, पातं रुततं. हनुवटीला कापलं. बरंच झालं. सुमननं तुरटी आणून दिली. पट्टीकडे पाहिलं, गाठ सोडून दिली.

११, सोम.
बोटीवरचं डोकं भिंगाखाली धरलं. त्यात खीळच नाही. दोन्ही टोकांना चंद्रकोरीसारख्या वाकड्या खाचा, दांड्याच्या जिभा त्यांत सरकतात. कागदावर कंपासनं ती कोर पुरी करून पाहिली. मध्यबिंदू रेझरच्या डोक्यात पडेना. पात्यांच्या पुढं, बाहेर. म्हणजे दाढी करताना जिथं गाल असतो तिथं.

डोकं फिरतं ते गालावरच्या बिंदूभोवती. गालात खीळ ठोकता येत नाही, म्हणून ही कोर. माझी खीळ गालापासून लांब, ओढ बसली की डोकं कोलमडणारच. ज्यानं हे शोधलं त्याच्या घरी कुणाचं मनगट गेलं होतं का, असं उगाच मनात आलं.

१३, बुध.
संभा येऊन गेला. हात हलका, बोलणं गोड. अप्पांनी डोळे मिटले ते तो जाईपर्यंत. दाढी एकदम गुळगुळीत. तरी कट्ट्यावर गेले नाहीत. मला वाटत होतं प्रश्न दाढीचा आहे.

१६, शनि.
२ नं. झालं. कोर कानशीनं घासघासून हाताची सालं निघाली. स्प्रिंग निम्मी केली. पट्टी बांधून दाढी केली, रुतत नाही. अप्पांपुढं ठेवलं.

रागावले की अप्पा कानडीत जातात. "साकु." पुरे. भिंतीकडे तोंड केलं.

१७, रवि.
सकाळी अप्पांच्या खाटेसमोरच आरसा मांडला. पट्टी बांधली, साबण लावला. अप्पा बघत होते.

"हाताला काय बांदलंस?"

"पट्टी. मागच्या वेळी बांधली नव्हती, म्हणून तुम्हाला कापलं."

मी हनुवटीशी अडलो तेव्हा म्हणाले, "तसं न्हाय. कोपर उचल. मनगट न्हाय तर कोपर."

कोपर उचललं. बरोबर गेलं. आपले वडील महिनाभर असं कोपर उचलून दाढी करत होते आणि आपण कधी आत डोकावलो नाही.

१९, मंगळ.
आंघोळीआधी अप्पांनी रेझर मागितला. मोरीचं दार लावून घेतलं. सुमन बाहेर तांदूळ निवडत बसली. निवडून झालेले पुन्हा ताटात ओतले. मी कारखान्याला उशीर करत उभा.

दार उघडलं. उजवा गाल स्वच्छ. डावा, कापलेला, तसाच. साबण वाळून गेलेला.

"हात दमला," म्हणाले.

रक्त कुठंच नाही, तेवढं आधी बघून घेतलं. पितळेची कोर झिजेल, सैल होईल, मग पुन्हा रुतायला लागेल का, सांगता येत नाही. आणि डाव्या गालाचं तर अजून काहीच माहीत नाही.

सुमननं विचारलं, "उरलेल्या बाजूला संभाला बोलवू का?"

"त्याला कशाला? उद्या करतो की मी."

ओल्या फडक्यानं साबण पुसला, पेपर काखेत धरला आणि अर्ध्या दाढीनं कट्ट्यावर जाऊन बसले.