'स्वतःच्या विनंतीवरून'

१४ मे २०२०, दुबई

दोन महिने वहीला हात लावला नाही, चुकलंच. कंपनीने अर्ध्या पगारावर घरी बसवलंय, त्यामुळे वेळ नव्हता असंही म्हणता येत नाही.

आज एचआरमधल्या शीलाचा फोन. "ताई, घरीच आहात, तर वार्षिक रजेचा फॉर्म भरून टाका. 'स्वतःच्या विनंतीवरून' लिहा, खलास!"

"रजेत माणूस गावी जातो गं, फ्लॅटमध्ये कोंडून घेत नाही."

"सगळ्यांनी सही केलीय, ताई."

मीच हट्टी आहे का? शीलाचा तरी काय दोष? पण ही रजा मी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी राखलीय. विमानं सुरू झाली की लागेल. आणि 'स्वतःच्या विनंतीवरून'? मी विनंती केलेलीच नाही. नोकरी गेली तर गेली.

उद्या: सही करणार नाही, असं शीलाला लेखी कळवणे.