पुढच्या सीटचा पट्टा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. नागम्मा हीस अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मी ओरडायचं आणि तू भलतंच उत्तर द्यायचं, त्यापेक्षा हे बरं. कानाचं मशीन पेटीत ठेवून पेटीला ऐकू येत नसतं, तेवढं ध्यानात घे.

गाडी आली. आमचा नंदीश पुण्याहून आला, पूजा केली, नारळ फोडला, दोन दिवस राहिला आणि गेला. गाडी पांढरी आहे. रंग महेश्वरीनेच सांगितला होता. बुकिंग केलं तेव्हा तुझी वहिनी होती, गाडी आली तेव्हा नव्हती. लोक बघायला येतात, पेढे मागतात, मग आठवण होऊन हात मागं घेतात. मला काही होत नाही. जेवतो, झोपतो.

मी मालकाचा टेम्पो चालवायचो तेव्हा पुढं त्याचा मुनीम बसायचा आणि ती मागं चादरींच्या गठ्ठ्यांवर, नंदीशला मांडीवर घेऊन. आपली गाडी झाली की मी पुढं बसणार, मुनीमाला बसू दे मागं, असं म्हणायची. त्या सीटवर घालायला मोराच्या नक्षीची चादरसुद्धा आणून ठेवली होती तिनं. ती मी घातली. सारखी सरकायची, म्हणून चारी बाजूंनी पक्की करून टाकली.

आता काळजी अशी. शेजारी कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, तर गाडी टिंगटिंग वाजते आणि समोर पट्टा लावलेला लाल माणूस दिसतो. ती पद्धतच आहे म्हणतात. पण माझ्या शेजारी कुणी नसतं, तरी वाजते. भाजीला गेलो, वाजत होती. तळ्याला वळसा घालून आलो, वाजत होती. शेजारी कुणी नाही हे गाडीला कसं सांगावं?

नंदीश म्हणतो वॉरंटी आहे, वर्कशॉपला दाखवा. पुढं असंही म्हणाला की नाहीच सुधारली तर नवी आहे तोवर विकू, एकट्या माणसाला या वयात गाडी हवी कशाला. मला गाडी विकायची नाही. सध्या एवढं एकच मला नक्की माहीत आहे.

पत्र पोचल्याचं कळव, आमच्या पोस्टमनचा भरवसा नाही. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा अण्णा,
मल्लप्पा

*

मैंदर्गी
दि. १० फेब्रुवारी

ती. अण्णाच्या चरणी नागम्माचे शरणु शरणार्थी.

पत्र पोचलं. पोस्टमनला शिव्या देऊ नकोस, बिचारा वेळेवर आला. मशीन कानात घातलं की भांडी आणि सून दोन्ही एकदम वाजतात, म्हणून ते पेटीत आहे आणि पेटीतच राहणार.

तुझं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. चादर चारी बाजूंनी पक्की केलीस म्हणजे नेमकं काय केलंस? दाभण घेतलंस की काय? माझी छत्री तू दाभणानं शिवून दिलीस, तेव्हापासून पाऊस आधी आत पडतो आणि मग बाहेर. नंदीशचं दप्तर शिवलंस तर आतलं पुस्तकपण दप्तराला शिवलं होतंस. वर्कशॉपवाल्याशी भांडायला जायच्या आधी एवढं त्याच्या कानावर घाल. नाहीतर हसं होईल आणि सोलापूर लई लांब नाही, इथपर्यंत ऐकू येईल. मलासुद्धा.

तू रडला नाहीस असं माझा पोरगा गुरप्पा सांगत होता. रडायची घाई नाही. जेवणाची मात्र आहे. नुसती भाकरी कुस्करून खात असशील. वहिनी भाजी वाढताना ताट मागं ओढायचास, आता कुणापुढून ओढतोस?

गाडी घेऊन ये आणि मला चार दिवस तुझ्याकडे ने. वाजली तर वाजू दे, मला कुठं ऐकू येतंय. मी पुढं बसेन.

वडीलधारं माणूस आता तू एकटाच उरलास. तब्येत सांभाळ, माया आहे तशी ठेव.

तुझी तंगी, तुझी धाकटी बहीण,
नागम्मा

*

सोलापूर
दि. २४ फेब्रुवारी

चि. नागम्मा हीस आशीर्वाद. वि. वि.

वर्कशॉपला जाऊन आलो. गुरुशांत म्हणून एक सर्व्हिसवाला आहे, काका काका करतो. त्यानं मशीन लावून तपासलं आणि दोष दिसत नाही म्हणाला. मी गाडी बाहेर काढली आणि फाटकातच वाजली. मग मी बोललो. कंपनीनं खराब माल गळ्यात मारला, म्हातारा बघून फसवलं, असं सगळ्यांसमोर बोललो. मॅनेजर काचेतून बघत होता. गुरुशांत म्हणाला की सीट उघडून बघावी लागेल, वरून मंजुरी येऊ द्या, तोवर रिकाम्या सीटचा पट्टा लावून ठेवा म्हणजे गप्प बसेल.

दाभणाचं मी त्याला सांगितलं नाही. घेतलं होतं, तुझ्यापासून काय लपवायचं. पण जन्मभर गठ्ठे शिवले, माझा टाका कधी उसवला नाही. त्यात दोष कसला?

पट्टा लावतो. निघताना आधी तिकडचा, मग माझा. हात चादरीवरून पलीकडे न्यावा लागतो. परवा घरी आलो आणि तिकडचा सोडवायचा राहिला. वर येऊन भाकरी खायला बसलो, तेव्हा आठवलं. खाली जाऊन सोडवला, मग जेवलो. गाडी तर बंद होती. का गेलो ते सांगता येत नाही.

तू येते म्हणतेस. पुढं मी अजून कुणाला बसवलेलं नाही. शेजाऱ्यांना मागं बसवतो. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याची टेम्पोची सवय जात नाही.

तुझे गुडघे कसे आहेत ते लिहिलं नाहीस. न लिहिलं की मला वाईटच वाटत राहतं. लोभ ठेव.

तुझा अण्णा

*

सोलापूर
दि. १२ मार्च

चि. नागम्मा हीस आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालीस तेच झालं. त्यांनी सीट काढून टेबलावर उलटी ठेवली होती. गादीच्या आत वजन ओळखणारी एक पातळ पट्टी असते. माझा टाका बरोबर तिच्यातून गेला होता. सुतळीला मेण लावलेलं, तेही दिसत होतं. टाका घट्ट होता. मॅनेजर बोलला, हे वॉरंटीत बसत नाही. मी त्या दिवशीचं बोलणं सगळ्यांसमोर मागे घेतलं. गुरुशांतनं मला खुर्ची दिली. नवी पट्टी घातली, पैसे नंदीशने पाठवले.

नंदीश रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. अप्पा, आज सीट शिवलीत, उद्या ब्रेक शिवाल, एवढंच म्हणाला. त्यानं गिऱ्हाईक बघितलं आहे. पाडव्याला येतो आणि व्यवहार करतो म्हणतो. मी विचारलं की एक लांबची फेरी सुखरूप करून दाखवली तर? तो म्हणाला, दाखवा, मग बघू.

पण चालवायचं होत नाही, नागम्मा. टाके कापून चादरीची घडी त्यांनी माझ्या हातात दिली. आता गाडी वाजत नाही. सीट रिकामी आहे हे तिला बरोबर कळतं. पट्टा लावायचं कारण उरलं नाही. मी खाली जातो, गाडी चालू करतो, जरा वेळ बसतो, बंद करतो आणि वर येतो. पाडवा जवळ आला आहे.

कळावे. काय करावं ते तूच लिही.

तुझा अण्णा

*

मैंदर्गी
दि. १७ मार्च

ती. अण्णास शरणु.

लांबची फेरी कुठं मारायची याचा विचार करत बसलास? मैंदर्गी काय नकाशातून पुसली गेली?

शनिवारी सकाळी मी पिशवी भरून ओट्यावर बसते. तू न्यायचंस आणि तूच परत सोडायचंस. गुरप्पा म्हणतो एसटीनं जा. मी त्याला म्हटलं, माझ्या भावाची गाडी येणार हाय, तू तुझं काम बघ. आता नाही आलास तर साऱ्या गल्लीत मी खोटी पडेन.

पुढं मीच बसणार. वहिनीची जागा घेते असं मनात आणू नकोस. ती असती तर त्या सीटवरून आम्ही दोघी आधी भांडलो असतो, मग तिनंच मला पुढं ढकललं असतं आणि सोलापूर येईपर्यंत मागून टोमणे मारले असते. मागं बसून टोमणे मारायला ती आजही येईल, तिचा काही नेम नाही.

चादर घेऊन ये. चादर अंगावर घ्यायची असते अण्णा, शिवायची नसते. दाभण घरी ठेव.

शेंगाची चटणी कुटली आहे. माझी माया तिखट आहे, पण आहे.

नागम्मा

*

सोलापूर
दि. २७ मार्च

चि. नागम्मा हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल तुला सोडून सुखरूप पोचलो. वळसंगच्या पुढं एक ट्रक उगाच मागं लागला होता, त्याला पुढं जाऊ दिलं. पोचल्यावर नंदीशला फोन केला. मैंदर्गीला जाऊन आलो, तुला चार दिवस ठेवून परत सोडलंसुद्धा, असं सांगितलं. त्यानं आधी टायरमधली हवा बघितली होती का म्हणून विचारलं. संध्याकाळी त्याचा निरोप आला, गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं आहे. पाडव्याला येतोच आहे, नुसता जेवायला. चटणी त्याच्यासाठी काढून ठेवली आहे. थोडी मी खाल्ली. तिखट लागली.

एक गोष्ट सांगायची राहिली. शनिवारी तुझ्या दारातून निघालो, तेव्हा तू चादर मांडीवर घेऊन बसलीस आणि बसल्याबसल्या सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलंस. पट्टा लावला नव्हतास. गाडी वाजायला लागली. समोर लाल माणूस दिसला. तुला पत्ताच नव्हता, तू बोलत होतीस. मी लगेच थांबायला पाहिजे होतं, एवढी वर्षं गाडी चालवली, मला कळतं. पण गल्ली संपेपर्यंत तशीच हळूहळू जाऊ दिली. मग कडेला घेतली, तुझ्यापुढून हात पलीकडे नेला आणि पट्टा लावला. गाडी गप्प झाली.

तू विचारलंस, थांबलास कशाला, आणि चादरीचं टोक माझ्या हातात देऊन म्हणालीस की डोळे पूस आणि रस्त्याकडे बघ. मी काहीतरी उत्तर दिलं. तुला ते ऐकू गेलं नसणार, म्हणून लिहून कळवतो. गाडी वाजत होती आणि शेजारी माणूस होतं.

पत्र पोचल्याचं कळव. लोभ आहेच, पुढच्या खेपेला चटणी घेऊन ये.

तुझा अण्णा,
मल्लप्पा